४×५ शीट फिल्म धुणं : टँक असताना ट्रेचा हट्ट कशाला?

सावलीतला

कृष्णधवल शीट फिल्म वापरणारे इथे बरेच जण आहेत असं जुन्या धाग्यांवरून दिसतंय, म्हणून विचारतो. रोल फिल्म मी घरीच धुतो, त्यामुळे डेव्हलपर, स्टॉप, फिक्सर ही मंडळी ओळखीची आहेत. आता ४×५ इंची सुट्या शीटवर फोटो काढणारा कॅमेरा आलाय. इल्फर्डच्या एफपी४ प्लस फिल्मचा डबा आणलाय आणि होल्डर (शीट ठेवायच्या चपट्या, उजेडबंद चौकटी) झाडून-पुसून भरून ठेवलेत.

पण धुण्याबद्दल वाचावं तिथे एकच सल्ला : ठार काळोखात ट्रे मांडा, शीटची गड्डी करा, तळाची काढून वर ठेवत राहा. मला हे काही पटत नाही. पॅटर्सनच्या तीन रिळांच्या टँकमध्ये मॉड५४ ही शीट धरणारी चौकट बसवली की सहा शीट एकदम होतात, एक लिटर रसायन पुरतं आणि झाकण लावलं की दिवा चालू. स्टिअरमनच्या एसपी-४४५ टँकमध्ये चार शीट, तीही अर्ध्या लिटरहून कमी रसायनात. मग अंधारात उभं राहून ओल्या हातांनी पत्ते पिसण्यात काय मिळतं? माझं मत स्पष्ट आहे : ट्रे ही सवय आहे, गरज नाही. पटत नसेल तर कारण सांगा. आणि सुरुवात कुठल्या डेव्हलपरने करावी तेही सांगा. आगाऊ धन्यवाद.

उगाच एक

जागा पकडून ठेवतो. इथे जुंपणार आहे.

जुनाट

पहिलं वाक्य वाचून शिव्या द्यायला बसलो होतो, पण अर्धं बरोबर आहे तुमचं. सगळ्या शीट एकाच वेळेने धुवायच्या असतील तर टँक उत्तम, वाद नाही.

पण मग शीट फिल्म घेतलीच कशाला? रोलवर बारा फ्रेम असतात. त्यातली एक भर उन्हातली आणि एक धुक्यातली असली तरी दोन्हींना एकच वेळ मिळते. शीटचं तसं नाही. प्रत्येक शीट सुटी आहे, प्रत्येकीला वेगळा वेळ देता येतो. ट्रेमध्ये गड्डीतून एक शीट दोन मिनिटं आधी काढून स्टॉपमध्ये टाकता येते, बाकीच्या चालू राहतात. टँक बंद केला की आतल्या सगळ्या जणी एका माळेचे मणी.

ट्रेची पद्धत नीट कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. ४×५ साठी ५×७ चा ट्रे घ्या, मोठा नको. चार ट्रे : साधं पाणी, डेव्हलपर, स्टॉप, फिक्सर. सगळ्यांचं तापमान २० अंश. शीट एकेक करून पाण्यात सोडायची, पूर्ण बुडाली की मगच दुसरी. कोरड्या शीटवर अर्धी ओली शीट पडली की दोन्ही चिकटल्या म्हणून समजा. पाण्यात एक-दोन मिनिटं फिरवल्या की त्याच क्रमाने एकेक डेव्हलपरमध्ये.

आता गंमत. पहिली शीट बाकीच्यांच्या उलट टोकाने ठेवायची, म्हणजे तिची खाच (कडेला कारखान्यातच पाडलेली, अंधारात बोटाला लागणारी) दुसऱ्या कोपऱ्यात येते. बोटाला ती खाच लागली की एक फेरी पूर्ण झाली. सहा शीट असतील तर साधारण अर्ध्या मिनिटात एक फेरी. तळाची शीट सरळ बाजूला ओढायची, वर आणायची, आडवीच पाण्यावर ठेवायची आणि बोटांच्या पोटाने हलकेच दाबायची. नखं कापलेली हवीत. कोपरा खाली झुकवून शीट आत खुपसली की खालच्या शीटच्या इमल्शनवर चंद्रकोरीसारखा ओरखडा पडलाच.

रमा रसायनवाली

जुनाटकाका, सगळं बरोबर, पण हातमोज्यांचा उल्लेख नाही! डी-७६ आणि आयडी-११ या डेव्हलपरमध्ये मेटॉल असतं आणि काही लोकांच्या कातडीला ते अजिबात चालत नाही. बोटं लाल होतात, सोलतात, आणि एकदा सुरू झालं की पुढे थोड्या संपर्कानेही उठतं. पायरो डेव्हलपरमधलं पायरोगॅलॉल तर त्वचेतून शरीरात शिरतं. पायरोवाल्यांनी नायट्राइलचे मोजे घातल्याशिवाय ट्रेला शिवूसुद्धा नये.

दुसरं म्हणजे हाताची ऊब. ट्रेमध्ये रसायन कमी, पृष्ठभाग जास्त आणि त्यात दहा मिनिटं तुमचा पंजा. २० अंशावर सुरू केलेलं द्रावण शेवटी २० वर राहत नाही. ट्रे मोठ्या ट्रेमधल्या पाण्यात ठेवा.

जुनाट

मोजे घालतो हो, लिहायचं राहिलं. पण जाड मोज्यांत खाच कळत नाही, पातळ घ्यावेत.

तिपाई

इल्फर्ड आपल्या फिल्मना आधी पाण्यात भिजवू नका म्हणते ना? त्याने डेव्हलपिंग असमान होऊ शकतं असं त्यांच्याच माहितीपत्रकात आहे.

रमा रसायनवाली

हो, म्हणते. तो सल्ला टँक आणि मशीनसाठी धरा. तिथे शीट एकमेकींना चिकटण्याचा प्रश्न नसतो, मग भिजवायचं कारण उरत नाही. ट्रेमध्ये गड्डी करायची तर भिजवणं सक्तीचं. फक्त भिजवायच्या तर पुरेशा भिजवा. दहा सेकंद बुचकळून काढल्या तर खरंच डाग पडतात.

कोरा कागद

धागाकर्त्याशी १०० टक्के सहमत. आणि जुनाट यांचा ‘प्रत्येक शीटला वेगळा वेळ’ हा मुद्दा स्कॅनरच्या जमान्यात कितपत उरतो? निगेटिव्ह थोडी सपाट धुवायची, स्कॅन करायची, कॉन्ट्रास्ट नंतर वक्ररेषा ओढून लावायचा. झोन सिस्टिम (दृश्यातल्या उजेडाचे टप्पे पाडून एक्स्पोजर आणि धुण्याचा वेळ ठरवायची पद्धत) १९४० च्या आसपासच्या कागदांसाठी होती. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर या तिच्या जनकांना आज स्कॅनर मिळाला असता तर त्यांनीही एवढी आकडेमोड केली नसती.

उगाच एक

आली बघा ठिणगी.

आडवा कोन

कोरा कागद, स्कॅनर काय ‘नंतर’ करू शकतो? जे निगेटिव्हवर आहे तेच. सावलीत काही नोंदलंच गेलं नसेल तर तिथे पारदर्शक फिल्म आहे, ओढा किती ओढायच्या त्या वक्ररेषा. म्हणजे ‘सावलीसाठी एक्स्पोजर’ हा अर्धा भाग तुम्हालाही चुकत नाही. ज्या सावलीत पोत दिसायला हवा तिच्यावर स्पॉट मीटर लावा आणि मीटर सांगतो त्यापेक्षा दोन स्टॉप कमी द्या. ती सावली तिसऱ्या झोनमध्ये बसली. झालं. यात आकडेमोड कुठाय?

‘उजेडासाठी डेव्हलपिंग’ या दुसऱ्या अर्ध्या भागावर थोडं तुमच्या बाजूने बोलतो. स्कॅनिंगसाठी एन-उणे-एक आणि एन-अधिक-एक (नेहमीपेक्षा थोडं कमी किंवा जास्त धुणं) अशा बारीक पायऱ्या सांभाळायची फारशी गरज नाही. पण सावलीला हवं ते एक्स्पोजर दिल्यावर पांढरी भिंत सहा-सात स्टॉप वर गेली आणि नेहमीइतकंच धुतलं, तर तिथली निगेटिव्ह इतकी दाट होते की साधा फ्लॅटबेड स्कॅनर त्यातून कचराच काढतो. तिथे वेळ कमी करावाच लागतो.

कोरा कागद

सावलीचं मान्य. दाट भागाचंही मान्य, कुरकुरत. पण त्यासाठी ट्रे लागत नाही! कडक उन्हातल्या शीट एका खेपेला, ढगाळ दिवसातल्या दुसऱ्या खेपेला, दोन्ही टँकमध्ये.

जुनाट

हे मात्र चांगलं बोललात. मीही शीट डब्यांत वेगवेगळ्या ठेवतो : साधं, उणे, अधिक. रिकामे झालेले तीन झाकणांचे डबे फेकू नका, त्यासाठीच असतात ते.

अजून एक, जे रोलवाल्यांना सुचत नाही. होल्डरला दोन बाजू असतात. महत्त्वाचं दृश्य असेल तर दोन्ही बाजूंना तेच, त्याच एक्स्पोजरने घ्या. एक शीट आज धुवा, वाळू द्या, दिव्यावर धरून बघा. ढग फार दाट झालेत का? दुसरी उद्या दीड-दोन मिनिटं कमी धुवा. पहिली वाया गेली म्हणू नका, तिने दुसरीचा वेळ सांगितला. हे करायला एका शीटसाठी एक लिटरचा टँक भरणार का?

सावलीतला

हा दोन बाजूंचा मुद्दा आवडला, प्रामाणिकपणे. एका शीटसाठी लिटरभर रसायन खरंच जिवावर येईल.

निळसर

थोडं अवांतर होतंय, पण इथे जाणकार दिसतायत म्हणून विचारते. माझ्या काही निगेटिव्हवर एका टोकाला काळपट पट्टा येतो, आखूड कडेपासून आत बोटभर आणि हळूहळू विरत जाणारा. सगळ्यांवर नाही. मी स्टीलच्या हँगरमध्ये लटकवून धुते. डेव्हलपिंगचा दोष की आणखी काही?

आडवा कोन

हँगरचा दोष सहसा वेगळा दिसतो. चौकटीच्या भोकांतून द्रावण जोरात फवारलं जातं, त्यामुळे भोकांसमोर, कडेकडेने दाट फराटे येतात. हँगर सपासप वरखाली केला की हमखास. सावकाश उचला, एका कोपऱ्यावर निथळू द्या, परत बुडवा, मग दुसऱ्या कोपऱ्यावर.

तुमचा पट्टा मात्र उजेडाचा वाटतोय. डार्क स्लाइड (होल्डरमधली फिल्म झाकणारी सरकती पाटी) ज्या टोकाने ओढता त्याच टोकाला आहे का बघा. असेल तर तिथली प्रकाश अडवणारी पट्टी झिजलेली असेल, नाहीतर स्लाइड तिरकी ओढली जात असेल. सरळ ओढा, आणि ओढताना होल्डरवर काळं कापड टाका.

निळसर

कोणत्या होल्डरचं आहे तेच कळत नाही ना! धुवून झाल्यावर सगळ्या निगेटिव्ह सारख्याच.

जुनाट

होल्डरला खाचा पाडा. फिल्म सरकवताना तळाशी जी फडकी उघडते, तिच्या फिल्मवर टेकणाऱ्या कडेला बारीक त्रिकोणी कानशीने खाच घासायची. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन. त्या खाचांतून फिल्मच्या कडेवर उजेड पडतो आणि निगेटिव्हच्या पारदर्शक किनारीवर तेवढे काळे दात उमटतात. कुठली शीट कुठल्या होल्डरची ते कायमचं छापलं गेलं. घासल्यावर भुसा नीट उडवा, नाहीतर तोच फिल्मवर बसायचा.

निळसर

हे भारी आहे! उद्याच करते.

तिपाई

भुशावरून आठवलं. रोलवाल्यांनो, धूळ या प्रकाराचा धसका घ्या. एक्स्पोजरच्या वेळी फिल्मवर कण असेल तर त्याच्याखाली उजेड पोचत नाही, निगेटिव्हवर पारदर्शक ठिपका आणि प्रिंटवर काळा. निगेटिव्हवर बसलेल्या धुळीने प्रिंटवर पांढरा ठिपका येतो, तो ब्रशने रंगवून झाकता येतो. काळा झाकता येत नाही, खरवडावा लागतो. होल्डर तर पुसाच, पण कॅमेऱ्याचा घडीचा भाताही आतून व्हॅक्यूमने साफ करा. भाता दाबला-ताणला की आतली सगळी धूळ थेट फिल्मवर.

काळोखे

उशिरा आलो. नवीन माणसाला माझा सल्ला कोणालाच आवडणार नाही : पहिले काही आठवडे पॅनक्रोमॅटिक, म्हणजे सगळे रंग दिसणारी, फिल्म वापरूच नका. एक्स-रे फिल्म घ्या. हिरव्याला संवेदनशील, लालला आंधळी. लाल सेफलाइटमध्ये ट्रेमध्ये धुताना प्रतिमा उगवताना दिसते. गड्डी कशी हलवायची, किती हलवायची, ओरखडा कुठून येतो, सगळं डोळ्यांनी शिकता येतं. आणि शीट वाया गेली तर जीव जळत नाही.

रमा रसायनवाली

नवशिक्याला एक्स-रे फिल्म? अहो, तिला दोन्ही बाजूंना इमल्शन असतं आणि ते लोण्यासारखं मऊ. खालची बाजू ट्रेच्या तळावर घासली की गेली. ट्रेवर वैतागलेल्या माणसाला तुम्ही ट्रेमधलं सगळ्यात अवघड काम देताय.

काळोखे

तळाशी काचेची तावदानी ठेवायची, गुळगुळीत. एका वेळी एकच शीट. गड्डी नाहीच करायची. आणि रमाताई, तिच्यावर धुणं शिकलेल्याला एफपी४ म्हणजे पत्राच वाटतो, इतकी कणखर.

रमा रसायनवाली

‘गड्डी कशी हलवायची ते शिकता येतं’ हेही तुम्हीच वर लिहिलंय. :)

काळोखे

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

आडवा कोन

लाल सेफलाइट हवाच असेल तर इल्फर्ड ऑर्थो प्लस आहे की, ८० आयएसओ, एकाच बाजूला इमल्शन. महाग आहे, पण दोन्ही वाद मिटतात. माणसांचे फोटो काढताना मात्र जपून. लाल दिसत नाही म्हणजे ओठ गडद येतात आणि चेहऱ्यावरचा प्रत्येक डाग उठून दिसतो. घरच्यांवर प्रयोग करायचा तर आपापल्या जबाबदारीवर.

उगाच एक

केलाय. बोलणं बंद आहे.

धूसर

मला वाटतं धुण्याच्या नादात एक्स्पोजरचं राहून जातंय. ४×५ वर एफ/२२, एफ/३२ नेहमीचं. त्यात संध्याकाळचा उजेड आणि फिल्टर लावला की मीटर सरळ दहा सेकंद सांगतो. तिथे फिल्म सुस्तावते. एफपी४ ला इल्फर्डच्या सूत्राने मीटरच्या सेकंदांचा १.२६ वा घात घ्यायचा : १० चे १८ सेकंद, ३० चे जवळपास ७३. फोमापान १०० तर याबाबतीत कहर आहे, तिच्या तक्त्यात १० सेकंदांना आठपट, म्हणजे ८० सेकंद.

जवळून काढताना भात्याचा हिशेबही असतोच. भात्याची लांबी भागिले फोकल लेंग्थ, त्याचा वर्ग. १५० मिमीची लेन्स ३०० मिमीवर ताणली की चौपट उजेड लागतो, म्हणजे दोन स्टॉप. फिकी निगेटिव्ह आली की लोक डेव्हलपरला बोल लावतात, निम्म्या वेळा चूक इथे असते.

तिपाई

आणि उरलेल्या निम्म्या वेळा लेन्स एफ/५.६ वरच राहिलेली असते. फोकस केला, कापडातून डोकं बाहेर काढलं, दिसलं छान, ओढली स्लाइड. फरक इतकाच की तेव्हा निगेटिव्ह फिकी नाही, कोळसा येते.

उगाच एक

माझा क्रम पाठ आहे : शटर बंद, लेन्स लहान, शटर ताणा, होल्डर, स्लाइड, क्लिक, स्लाइड काळी बाजू बाहेर. मोठ्याने म्हणतो. आजूबाजूचे लोक लांब सरकतात, तोही फायदाच.

सावलीतला

सगळ्यांचे आभार, बरंच डोक्यात शिरलंय. आता माझ्या मूळ प्रश्नावर यायचं तर, ‘सवय आहे, गरज नाही’ यातला ‘गरज नाही’ मागे घेतो. एकट्यादुकट्या शीटला आणि वेगळा वेळ द्यायचा असेल तेव्हा ट्रे, एरवी टँक, असं ठरवतोय. पण सहा शीटची गड्डी काळोखात हलवण्याबद्दल मत बदललेलं नाही. आणि डेव्हलपरचं कोणीच सांगितलं नाही!

रमा रसायनवाली

रोलला जे वापरता तेच वापरा. गंभीरपणे सांगतेय. कॅमेरा नवा, होल्डर नवे, धुण्याची पद्धत नवी. त्यात चौथी नवी गोष्ट कशाला? डी-७६ किंवा आयडी-११ असेल तर एफपी४ ला १+१ मध्ये (एक भाग डेव्हलपर, एक भाग पाणी) २० अंशांवर ११ मिनिटांपासून सुरू करा. तो वेळ दर मिनिटाला थोडं हलवण्यासाठी दिलेला आहे. ट्रेमध्ये हालचाल थांबतच नाही, तेव्हा १५ टक्क्यांपर्यंत कमी करा, म्हणजे सव्वानऊ-साडेनऊ मिनिटं. एचसी-११० किंवा रॉडिनाल फार पातळ करून छोट्या टँकमध्ये वापरत असाल तर मूळ रसायन पुरेसं पडतंय का बघा. ४×५ च्या चार शीट म्हणजे ८० चौरस इंच, एका १२० रोलइतकं क्षेत्रफळ. रोलला जेवढं मूळ रसायन लागतं तेवढं चार शीटना लागणारच, पाणी कितीही घाला.

पायरो, पायरोकॅट वगैरे निगेटिव्हवर डाग सोडणारे डेव्हलपर नंतर. प्लॅटिनम किंवा सायनोटाइपचे कॉन्टॅक्ट प्रिंट करायला लागाल तेव्हा त्या डागाचा उपयोग कळेल, तो अतिनील किरण अडवतो.

कोरा कागद

मी आणि रमाताई एकमत! तारीख लिहून ठेवा.

तिपाई

टी-मॅक्स फिल्मवाल्यांसाठी पुरवणी : गुलाबी छटा राहिली तर फिक्सर ताजा घ्या आणि जास्त वेळ द्या. फिल्मचा तुकडा फिक्सरमध्ये टाकून किती वेळात पारदर्शक होतो ते मोजा, निदान त्याच्या दुप्पट. हा तुकडा दिवा लावून तपासता येतो, आधीच तपासा.

निळसर

खाचा पाडल्या आणि सगळे होल्डर भरून एकेक शीट धुतली. पट्टा आलेल्या दोन्ही निगेटिव्हवर तीन दात आहेत. म्हणजे तिसरा होल्डर, दोन्ही बाजू. स्लाइडच्याच टोकाला. हँगर निर्दोष सुटला. आता होल्डर टाकून देऊ?

जुनाट

टाकू नका. त्या टोकाच्या फटीत मखमलीसारखी पट्टी आणि तिला दाबून धरणारी पातळ स्प्रिंग असते, ती बदलता येते. जुना मोडका होल्डर मिळाला तर त्यातली काढून बसवा. तोवर त्यावर फुली मारा आणि एक खराब शीट त्यातच ठेवा. डोळे मिटून भरायचा सराव करायला कामी येतो : खाच उजव्या हाताच्या तर्जनीखाली वरच्या कोपऱ्यात, इमल्शन तुमच्याकडे, आणि दोन्ही रुळांखाली शीट गेली की नाही ते स्लाइड लावायच्या आधी बोटाने चाचपायचं.